मळीचं पोतं आणि अण्णांचा बेल

माझ्याकडे खत घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी बांगड्या वर सरकवायला सांगते. पुरुष असला तर घड्याळ काढायला. मग पोत्याचं तोंड उघडते आणि म्हणते, "घाला हात. कोपरापर्यंत."

त्या वेळी माणसांची तोंडं बघण्यासारखी असतात. परवा एक बाई नव्या कोऱ्या गाडीतून उतरल्या. पोत्याची कड दोन बोटांत धरून म्हणाल्या, "आक्का, हातमोजे हायत का तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "कणीक मळताना घालता का?"

"कणकीत किडे नसतात की ओ."

"गांडुळाला किडा म्हणू नका. त्यानं ऐकलं तर काम बंद करील."

बाईंनी घातला हात. घालताना डोळे मिटले, दात आवळले, जणू कुणी दाढ उपटतंय. आणि मग चेहरा हळूहळू सैल झाला. "गार लागतंय की," म्हणाल्या. "मऊ हाय." पुढे पाच मिनिटं हात बाहेर काढायला तयार नाहीत. मलाच सांगावं लागलं, बाई, पोतं घेऊन जा, घरी घालून बसा.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला माझ्या भावाचा एक पडीक प्लॉट आहे, तिथे मी तीस-एक वर्षं खत करते आणि विकते. शेणखत, पालापाचोळ्याचं खत, गांडूळखत आणि साखर कारखान्याच्या मळीचं खत. राहते शुक्रवार पेठेत. शिक्षण सातवी. खताचं शिक्षण सासूबाईंच्या म्हशींनी दिलं. दूध विकायला सगळे पुढे, शेण उचलायला मी एकटी, तर म्हटलं हेच आपलं. आता गावात मला नावानं कुणी ओळखत नाही, 'खताच्या आक्का' म्हणतात. आमच्या भाचीचा हट्ट, की दिवाळी अंकासाठी आक्कानं आपल्या धंद्याबद्दल लिहावं. मी म्हटलं, फराळाच्या ताटाशेजारी लोक शेणाबद्दल वाचतील का? ती म्हणाली, तू लिही तर. तर आता करंजी बाजूला ठेवा आणि वाचा.

चांगलं खत ओळखायला काय लागतं? फार काही नाही. डोळे, हात आणि नाक.

डोळ्यांनी बघायचं ते एवढंच, की ते आधी काय होतं हे ओळखू येता कामा नये. काडी दिसली, केळीची साल दिसली, शेणाची गोवरी दिसली की समजायचं, अजून शिजतंय. रंग जुन्या गुळाचा हवा. कुळकुळीत काळं दिसलं तर हुरळून जाऊ नका. कधीकधी राख मिसळून काळं करतात आणि चकचकीत पिशवीत भरून त्यावर गुलाबाचं चित्र छापतात.

हातानं बघायचं म्हणजे मूठ वळायची. आपल्या शेंगांच्या लाडवासारखा लाडू वळला पाहिजे, आणि अंगठ्यानं टोचला की फुटला पाहिजे. पाणी गळलं तर ओलं, वळलंच नाही तर कोरडं. आणि मुख्य गोष्ट, पोत्याच्या मध्यापर्यंत हात घातला तर गार लागलं पाहिजे. गरम लागलं तर समजायचं, आत अजून धग आहे. असलं खत कुंडीत घातलं की मुळं भाजतात. म्हणून तर कोपरापर्यंत हात. वरवर सगळीच पोती गार असतात.

आणि नाक. पिकलेल्या खताला घाण येत नाही, हे लोकांना पटतच नाही. उन्हाळ्यात आपण माठाखाली ओली वाळू ठेवतो ना, त्या वाळूला जसा वास येतो, तसा चांगल्या खताला येतो. आंबूस, झोंबरा किंवा नाल्याची आठवण करून देणारा वास आला, तर ते परत ढिगावर.

आता स्वतःच सांगणं बरं दिसत नाही, पण माझं नाक गावात प्रसिद्ध होतं. चिमूटभर खत घ्यायचं, डोळे मिटायचे, मान जराशी मागे टाकायची, एक दीर्घ श्वास घ्यायचा, आणि सांगायचं: "शेणखत. म्हशीचं. अजून पंधरा दिवस." कोणकोण पैज लावायला यायचे. एकानं कागदाच्या पुडीत घरच्या कुंडीतली माती आणली होती. मी म्हटलं, "ह्यात चहाचा चोथा टाकता तुम्ही, आणि तो न धुता, साखरेसकट टाकता, म्हणून मुंग्या होतात." तो माणूस माझ्या पायाच पडायचा बाकी राहिला. त्याच्या पायजम्यावर दोन मुंग्या चालत होत्या, हे मी त्याला सांगितलं नाही. धंद्यात थोडं नाटक लागतंच.

तर ह्या नाटकानंच माझा घात केला.

कोरोना सगळ्यांना झाला तसा मलाही झाला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना माझा वासही घेऊन गेला. पार गेला. लसणाची फोडणी समोर तडतडते आहे आणि मला कसलाच पत्ता नाही. दूध उतू जाऊन करपलं, शेजारीण धावत आली, मी तिथेच उभी! पहिले आठ दिवस वाटलं, येईल. महिना झाला. दोन झाले. डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

आता तुम्हीच सांगा, हलवायाची जीभ गेली तर तो गावभर सांगत फिरेल का? मीही नाही सांगितलं. घरात नाही, प्लॉटवर नाही. गिऱ्हाईक आलं की चिमूट, डोळे बंद, मान मागे, सगळं साग्रसंगीत. फक्त श्वास घ्यायचं सोडून दिलं होतं. येतच काही नव्हतं तर फुकट कशाला ओढायचा! "झकास पिकलंय," म्हणायचे. आणि गंमत अशी, की लोकांचा विश्वास तसूभर कमी झाला नाही. उलट एकजण म्हणाला, "आक्का, आता तुमी लई पटकन सांगता."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी श्रीपूरच्या साखर कारखान्याकडून मळीचा टेम्पो आला. बाहेरच्यांसाठी सांगते, उसाचा रस गाळून साफ करताना खाली जो काळपट चोथा राहतो, ती मळी. वरून भुसभुशीत, दिसायला थेट खत. नवखा माणूस फसतोच. पण ताजी मळी म्हणजे पोटात निखारे. तिचा ढीग लावायचा, पाणी मारायचं, वरखाली करायचं, चांगले तीन महिने तिला निजवायचं, तेव्हा कुठे तिचा राग उतरतो. एकदा उतरला की मात्र तिच्यासारखं खत नाही.

टेम्पोवाला म्हणाला, "आक्का, ही जुनी मळी हाय. पिकलेली. बगा की वास घिऊन."

घेतला की मी वास! डोळे मिटून, मान मागे टाकून.

"पिकलीय," मी म्हटलं. "उतरव."

माझ्याकडे चाळायला रेणुका आहे. अक्कलकोटच्या पलीकडची, माहेर पार कर्नाटकात. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. तिनं पहिलं घमेलं चाळणीवर ओतलं आणि पदर नाकाला लावला.

"आक्का, वास येतंय की ओ."

"कसला?"

"आंबल्याला. गुळाच्या ढेपेला पाणी लागल्यावानी."

आता इथं माणसानं काय करायचं? ढिगात लोखंडी सळई खुपसायची, थोड्या वेळानं काढून हाताला लावायची. चटका बसला तर कच्ची. एवढं साधं. मी हे शंभर लोकांना शिकवलंय. पण रेणुकेचं ऐकलं तर माझा वास गेल्याचं उघड होणार. मी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "रेणुके, नाक कुणाचं मोठं, तुझं का माझं?"

ती बिचारी म्हणाली, "तुमचं." आणि चाळायला लागली. पदर मात्र नाकावरनं काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी अण्णा आले.

अण्णा म्हणजे आमच्याच पेठेतले निवृत्त मास्तर. शाळेत शास्त्र शिकवायचे. पोरांची कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणतात. मोज्यातली चिठ्ठी त्यांना बुटातून दिसायची. बोलणं कमी, डोळा तिरका. माझं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या गच्चीवर अर्धा कापलेला एक निळा ड्रम, आणि त्यात बेल. तो बेल त्यांच्या बायकोनं, महादेवीवहिनींनी, बी टाकून उगवलेला. वहिनी गेल्या तेव्हा वीतभर होता, आता अण्णांच्या खांद्याला लागत होता. रोज सकाळी पूजेला त्यातलं एक त्रिदळ तोडायचं, एकच, ही वहिनींची शिस्त अण्णांनी मोडली नव्हती. फुलं मंडईतून आणतील, पण बेल त्याच झाडाचा.

"यंदा बेलाला चांगलं कायतरी द्यायचं म्हणतो," अण्णा म्हणाले. "पानं लहान यायलीत. महादेवी असती तर बोलली असती."

मी मळीचं पोतं पुढे केलं. अण्णा शिस्तीचा माणूस, सवयीनं घड्याळाच्या पट्ट्याला हात घातला. आणि मी, माझ्या तोंडाला काय झालं होतं देव जाणे, मी म्हणाले, "राहू द्या हो अण्णा. तुम्ही घरचे. मी वास घेतलाय. डोळे झाकून घाला, हवं तेवढं घाला."

तीस वर्षांत ज्या माणसाला मी पहिल्यांदा हात घालू दिला नाही, तो हाच. का नाही घालू दिला? कारण आतून मला खात्री नव्हती. हे तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण कळत होतं थोडं थोडं.

बाकी गिऱ्हाईकं खत हौसेनं नेतात आणि पोतं जिन्याखाली ठेवून विसरतात. अण्णा तसे नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी ड्रम मोकळा केला आणि निम्मा मळीनं भरला. बायकोच्या झाडाला हात आखडता कशाला!

पंधरा दिवसांनी आले. "आक्का, बेल पानं टाकायलाय."

"टाकतोच की. थंडी पडली."

"थंडीत टाकत न्हाई तो. फाल्गुनात टाकतो."

"हवा बदललीय अण्णा. सगळ्याच झाडांचं तंत्र बिघडलंय."

काय ते माझं ज्ञान! अण्णांनी माझ्याकडे बघितलं, तिरक्या डोळ्यानं, आणि निघाले. पाठमोऱ्या अण्णांकडे बघून रेणुका म्हणाली, "आक्का, मास्तर आज पाणी पन मागितले न्हाईत."

आणखी आठवड्यानं परत आले. हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. तेव्हा प्लॉटवर दोन गिऱ्हाईकं होती, रेणुका होती. अण्णा एकदम गोड बोलायला लागले, तिथेच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

"आक्का, ह्ये जरा बगा. तुमच्यासारखं नाक अख्ख्या सोलापुरात न्हाई. ड्रममधलं आणलंय. पिकलंय का न्हाई तेवढं सांगा."

पुडी उघडली. आत काळपट, दाणेदार, भुसभुशीत. मी चिमूट घेतली. दोन्ही गिऱ्हाइकं बघतायत म्हटल्यावर मला जास्तच चेव आला. डोळे मिटले. मान मागे टाकली. चिमूट नाकापासून चांगली चार बोटं लांब, कारण श्वास घ्यायचाच नव्हता.

"पिकलंय," मी म्हटलं. "एकदम थंड आहे. जरा कोरडं वाटतंय, पाणी शिंपडा."

मी डोळे उघडले. रेणुका पदर तोंडात कोंबून उभी. तिचे खांदे हलत होते.

"पाणी शिंपडू?" अण्णा म्हणाले.

"शिंपडा की. थोडं."

"आक्का, ह्ये आमच्या घरचं काळं तिखट हाय."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. आणि अशा वेळी माणूस जे करतो ते केलं. घाम पुसायला हात वर नेला, तोच हात, तीच बोटं, आणि थेट डोळ्याला. आई गं! वास जातो, पण तिखट झोंबायचं काही राहत नाही, हे त्या दिवशी मला शास्त्रशुद्ध कळलं. मी प्लॉटभर नाचले. रेणुकेनं पाण्याची कळशी माझ्या डोक्यावर पालथी केली. एक गिऱ्हाईक हसून हसून खताच्या पोत्यावर बसलं, आणि दुसरं म्हणालं, "आक्का, माझं पोतं मी उद्या न्हेतो."

अण्णा हसले नाहीत. मी चेहरा पुसेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "वास गेलाय, व्हय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"श्रावणापासनं."

"सांगायचं की ओ! मी काय दवंडी पिटणार होतो? माझ्या ड्रमात नाक घालवंना. मला, पंच्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला, जिन्यात वास येतोय आन् तुमाला न्हाई? तवाच समजलो." आणि मग आवाज जरा खाली गेला. "कालपासनं पूजेला पान न्हाई. एक बी शिल्लक न्हाई झाडावर. मंडईत मिळतात. पर मला जायचं न्हाई तितं."

रागावले असते तर परवडलं असतं.

मी आणि रेणुका तशाच, ओल्या पदरानं, त्यांच्या गच्चीवर गेलो. ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला. आत असं ऊन, जसं तापाच्या माणसाच्या काखेत असतं. बेल उचलला. कोवळ्या मुळांची टोकं तपकिरी, दिव्यावर केस जळावा तशी मुरडलेली. सगळी मळी काढली, मुळं पाण्यानं धुतली, आणि ड्रममध्ये नुसती लाल माती आणि वाळू भरून झाड परत बसवलं.

"खत?" अण्णांनी विचारलं.

"खत नाही. चिमूटभर नाही. आजारी माणसाला पुरणपोळी घालतात का? ह्याला आता पेज."

"जगंल का?"

मी बुंध्याच्या सालीवर नखानं जरासं खरवडलं. आत बारीक हिरवं दिसलं. "आता तरी जिवंत आहे," मी म्हटलं. श्रावणापासून पहिल्यांदाच काहीतरी खरं बोलले, त्यामुळे माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

अण्णांनी शिक्षा फर्मावली. मास्तरच ते. दुसऱ्या दिवशी एक काळी पाटी घेऊन आले. त्यावर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात: 'आक्कांना सध्या वास येत नाही. हात घालून, मेथी बघून खत घ्यावे.'

"ही दारात लावायची. बेल फुटंपर्यंत."

"आणि नाही फुटला तर?"

"तर कायमची."

मेथीचं असं, की वास नाही म्हटल्यावर मला दुसरी काहीतरी खूण लागणारच होती, ती शास्त्राच्या ह्या मास्तरांनीच सुचवली. प्रत्येक ढिगातलं थोडं खत, तेवढीच माती, एका जुन्या डब्यात घालायची आणि वर मेथीचे दाणे टाकायचे. पाच-सहा दिवसांत हिरवीगार, सरळ उगवली तर खत पिकलं. पिवळी पडली, कुजली, माना टाकल्या तर कच्चं. मेथीला नाटक जमत नाही. त्या मळीतली मेथी तर उगवायच्या आधीच मेली. अण्णांनंतर मी ज्यांना ज्यांना ती पोती हात न घालू देता दिली होती त्यांना फोन केले, कबूल केलं, परत आणा म्हटलं. निम्म्याअधिक लोकांनी पोतं उघडलंसुद्धा नव्हतं. दोघांनी तर आणलंच नाही, आळसानं. ते जिन्याखाली पडल्या पडल्या पिकलं, आणि पुढच्या वर्षी दोघंही मला सांगायला आले की आक्का, तुमचं ते मळीचं खत काय फस्टक्लास होतं!

पाटी लावली आणि मला वाटलं, आता धंदा बसला. झालं उलटंच. लोक पाटी बघायला यायला लागले. कुणी पुडीत हिंग आणायचं, कुणी कापूर, एका आगाऊ बाईनं तर तपकीर आणली. "ह्ये ओळखा की आक्का." मी म्हणायचे, "नाही येत." पहिल्यांदा हे बोलणं जड जायचं. मग सवय झाली. आणि एकदा सवय झाली की लई मोकळं वाटतं बघा.

रोज सकाळी मी अण्णांच्या गच्चीवर जायचे. बेलाला मोजून तांब्याभर पाणी. अण्णा खुर्ची टाकून बसलेले. रेणुका बरोबर असली की तिला आल्याचा चहा. मला नुसतं पाणी.

"मला चहा नाही?"

"तुमाला वास येत न्हाई. चहा काय आन् पाणी काय."

फाल्गुन गेला. चैत्रात सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. गच्चीवर चप्पल चिकटते. मी घरातली जुनी चादर आणली, आपली सोलापुरी, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि ओली करून झाडावर मांडव घातला. बेल म्हणजे नुसती काटेरी काठी. अण्णांना रोज साल खरवडून बघायचं असायचं. एक दिवस मी बुंध्याला चिंधी गुंडाळली.

"ह्ये काय?"

"तुमच्या नखापासून वाचवायला. मळीनं नाही मेला तो रोजच्या परीक्षेनं मरेल. पोरांना पण असंच करत होता का?"

तेव्हा अण्णा पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "महादेवी पन असंच बोलायची."

वैशाखात मधे चार दिवस मी आजारी होते, गच्चीवर रेणुका जायची. चौथ्या दिवशी ती धापा टाकत आली. "आक्का! फुटलंय! तळाकडनं, लालसर! तीन पानं हायत!"

मी तशीच उठले, प्लॉटवर गेले. का, ते विचारू नका. आनंद झाला की मी ढीग उपसते. आणि अकराच्या सुमाराला अण्णा आले. धुतलेला शर्ट, कपाळावर विभूती. उजवी मूठ बंद.

"आक्का, डोळे मिटा."

मी मिटले. मूठ माझ्या नाकाजवळ आली.

"घ्या वास. कशाचा हाय सांगा."

आता खरं सांगते. त्या सुमाराला मला थोडं थोडं काही काही यायला लागलं होतं. रॉकेल यायचं. शेंगा भाजल्या की कळायचं. रेणुकेच्या केसांचं तेलही कधीमधी. आणि मुठीत काय असणार हे तर आंधळ्यालाही कळलं असतं. झाड फुटलंय, माणूस अंघोळ करून आलाय. नुसतं 'बेल' म्हणायचं, मान जराशी मागे टाकून. पाटी उतरली असती, नाक परत आलं असतं, अख्ख्या पेठेत गाजलं असतं. रेणुकेची चाळणी थांबली होती.

मी श्वास घेतला. खराखुरा, छातीभर. परत घेतला.

"अण्णा," मी म्हटलं, "काहीच येत नाही हो."

"नक्की?"

"नक्की. काही नाही."

"उघडा डोळे."

उघडले. अण्णांनी मूठ सोडली. तळहात रिकामा होता. नुसत्या रेषा.

"पास," अण्णा म्हणाले.

"आणि पान?" रेणुकेला राहवेना. "मास्तर, बेलाचं पान कुटं हाय?"

"तीनच तर पानं आलीत. एक त्रिदळ. महादेवीच्या फोटोला वाहिलं सकाळी. तुमच्या आक्काला हुंगायला द्यायला अजून एवढी न्हाईत झाडावर." आणि दारातली पाटी स्वतःच्या हातानं उतरवून त्यांनी काखेत मारली. मग पोत्यांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "पावसाळ्यापुरतं एक द्या. पिकलेलं."

मी मेथीचा डबा दाखवला. हिरवीगार, ताठ. पोतं पुढे ओढलं, तोंड सोडलं. आणि मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं, बाही कोपराच्या वर गुंडाळली होती, आणि हात आत घातला होता.